मैदानाकडे पाठ करून बसणारे थोरात सर

आमच्या कडेगावच्या शाळेतले थोरात सर मुलींना कबड्डी शिकवत, ती मैदानाकडे पाठ करून. उपड्या बादलीवर बसायचं, तोंड कुंपणाकडे, आणि शेंगा फोडत राहायचं. मागं धुरळा उडतोय, पोरी भांडतायत, हे टरफलं उडवतायत.

मधेच फर्मान सुटे. "आज सातजणींऐवजी पाचजणींनीच धरा." नाहीतर, "आज कुणी बोलायचं न्हाई." एखादीनं विचारलं, "आवं सर, हिला कडंला धरू का आत यिऊ दिऊ?" की ठरलेलं उत्तर, "मला काय इचारतीस? मी हाय का तितं?"

मी गणिताचा मास्तर. उत्तर न सांगणाऱ्याला उत्तर येत नसतं, हा माझा अनुभव, स्वतःवरूनच. त्यात ज्यांच्याशी आमचा सामना ठरला होता, त्या म्हसवडच्या संघाचे प्रशिक्षक सरांचे सख्खे साडू! सर बादलीवर झोपतात की काय, म्हणून मी कुंपणापलीकडून फेरी मारली. त्यांनी मला मूठभर शेंगा दिल्या. संशय आणखी वाढला. शेवटी मुख्याध्यापकांचे कान मीच भरले. हे आजवर कुणाला बोललो नाही. ते म्हणाले, "म्हसवडशी हरले, तर त्यांच्याकडून संघ काढून घेऊ. तुम्ही सोबत जा, नजर ठेवा."

सामन्यात आम्ही एका गुणानं पुढे, आणि म्हसवडची शेवटची चढाई. कप्तान अश्विनी वेळ मागून धावत आली. "सर, धरू का सोडू?"

सरांनी पाठ फिरवली. "मी हाय का तितं?"

"मास्तर इकला गेला गड्या!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मला ते आधीच पटलं होतं.

पोरी गोळा झाल्या, खुसफुसल्या, हात धरून उभ्या राहिल्या. मी जाब विचारायला सरांच्या समोर गेलो. डोळे गच्च मिटलेले.

"अहो, बघा की!"

"बघितलं की मी वरडतो. वरडलो की पोरी थांबत्यात, माझ्या तोंडाकडं बघत्यात." त्यांनी माझं मनगट धरलं. "तुमी सांगा. काय चाललंय?"

ज्याच्यावर पाळत ठेवायला आलो, त्यालाच मी सामना सांगू लागलो. "आत आली... अश्विनी मागं सरली... धरली! सर, जिंकलो!"

"एकटीनं धरली, का सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

मग ते वळले. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या. सरांनी हात वर केला, तसाच धरून ठेवला. एकीचंही लक्ष गेलं नाही.

"बघितलंत न्हवं?" ते हसून म्हणाले, "एकबी हिकडं बघत न्हाई." आणि वर केलेला हात डोक्यावरून फिरवत हळूच खाली घेतला.