टिटवीचा पहिला अल्बम

एका जंगलात, मुलांनो, शांतता फार झाली होती. म्हणून तिघांनी मिळून रॉक बँड काढला. टिटवी गाणार, सुतारपक्षी ड्रम बडवणार आणि रातकिडा गिटार वाजवणार. रातकिड्याला एकच सूर येत होता. पण रॉकमध्ये तेवढ्यावर भागते, असे त्याला कोणीतरी सांगितले होते.

अल्बम काढायचा तर निर्माता हवा. कोल्हा मिळाला. त्याच्याकडे काळा चष्मा होता आणि माकडांनी लग्नाच्या मांडवातून पळवलेला माईक होता.

कोल्ह्याने टिटवीची किंकाळी माळावर ऐकली होती. काळीज चिरणारी. पण वडाच्या ढोलीत माईकसमोर उभी राहिली, की टिटवी गोड गायची.

"टिटवीताई, हळदीकुंकवाला आल्यासारखं काय गाताय?" कोल्हा म्हणाला. "माळावरची ती किंकाळी कुठे गेली?"

"ती होय?" टिटवी लाजली. "ती कुणी अंड्यांजवळ आलं की आपोआप निघते."

टिटवीची अंडी समोरच्या माळावर, खड्यांमध्ये उघडी पडलेली असत. ढोलीतून ती दिसत होती. कोल्हा जरा विचारात पडला.

"तुम्ही सुरू करा," तो म्हणाला. "लांबून कसं ऐकू येतं ते मी बघून येतो." आणि तो माळाकडे चालू लागला.

टिटवीने किंकाळी फोडली. रातकिड्याच्या अंगावर काटा आला. उडायला तिने पंख उघडले, तसा सुतारपक्षी ताल न सोडता म्हणाला, "बाई, एवढं कडवं होऊ दे. असं गाणं पुन्हा नाही जमायचं."

टिटवीने माळाकडे पाहिले. माईककडे पाहिले. आणि कडवे पूर्ण केले.

कोल्हा मिशा पुसत परत आला. "सगळी नाही खाल्ली," तो म्हणाला. "अजून गाणी व्हायचीत."

अल्बम पुरा झाला तेव्हा माळावर नुसते खडे उरले होते.

घुबडाने परीक्षण लिहिले : या आवाजात सच्ची वेदना आहे. कोल्ह्याला शाल आणि नारळ मिळाला. टिटवीने अल्बम ऐकला आणि ती खूप रडली. मग तिने तो पुन्हा लावला. पहिले गाणे आपण खरोखरच छान गायलो, असे तिला वाटले.

सत्कारानंतर तिने कोल्ह्याला गाठले. आता ही त्याचे डोळे फोडणार, असे सगळ्यांना वाटले. टिटवीने हळूच विचारले, "दुसऱ्या अल्बमचं काय?"

"माझ्याकडून काही अडलेलं नाही, ताई," कोल्हा म्हणाला. "अंडी कधी घालताय तेवढं कळवा."

तात्पर्य : दुःख भोगल्याशिवाय थोर कला जन्माला येत नाही. हे मत भरल्या पोटी मांडले जाते, म्हणूनच ते इतके शांत आणि पटण्याजोगे वाटते.