बाटली हलवली का?

डोळा लाल झाला तेव्हा टेम्पोअण्णांनी एक छोटासाच निर्णय घेतला. बायकोला कळवायचं नाही. पण लिंबाच्या एका थेंबानं पातेलंभर दूध नासतं, तसं पुढचं सगळं त्या एवढ्याशा निर्णयानं नासलं.

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. जाताना दारातच वळून म्हणाली होती, "माझ्यामागे धड राहाल ना?"

"न राहायला काय झालं? मी काय कुकुलं बाळ आहे?"

"बाळ असतात तर काखोटीला मारून नेलं असतं. नाहीत, म्हणून तर काळजी."

अण्णा हसले, हात हलवला, बस गेली. मग घरात येऊन त्यांनी दोघांचा चहा टाकला. (पुढेही रोज दोघांचाच टाकत राहिले. दुसरा कप समोर निवत ठेवायचा आणि मग 'वाया कशाला घालवा' म्हणून स्वतःच प्यायचा. साय धरलेला चहा कडू नसतो, पण घशातून उतरतही नाही.)

अण्णांचा धंदा सामान हलवण्याचा. लोक घर बदलत, अण्णा त्यांचं बिऱ्हाड टेम्पोत घालून या घरचं त्या घरी नेत. काचेची कपाटं, आरसे, माशांच्या पेट्या. अण्णांनी हलवलेल्या पेटीतल्या माशाला आपण हललो हे नव्या घरी खिडकी दिसल्यावर कळे, असं त्यांचं नाव होतं. टेम्पोत पुढे, अण्णांच्या शेजारच्या सीटवर, नेहमी गिऱ्हाइकाची एखादी नाजूक वस्तू बसलेली असायची. बायकोला ती जागा जन्मात मिळाली नव्हती. एकदाच ती म्हणाली होती, "कधीतरी मलाही पुढे बसवा हो. सामान म्हणून का होईना."

ते वाक्य अण्णांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. या वेळी त्यांनी ठरवलं, तिला आणायला बस नको, आपणच जायचं आणि तिला पुढे बसवून आणायचं. त्यासाठी सीटवर नवी गादी केली. गादीला शेजारच्या सुईताईंकडून निळ्या फुलांचा अभ्रा शिवून घेतला. (सुईताई म्हणजे शिवणाऱ्या बाई. तोंडात सतत सुई धरलेली, तरी बोलणं थांबत नसे.) सगळं तयार झालं, आणि नेमका डोळा बिनसला.

आधी नुसता लाल झाला. मग ठणकू लागला. उजेड तर असा खुपायचा, की खिडकी उघडली की अण्णा चोरासारखे तोंड लपवत.

सुईताईंनी लांबूनच निदान केलं. "डोळे आलेत तुमचे."

"डोळे कुठले? एकच आलाय."

"मग दुसरा वाटेत असेल. थांबा, माझ्याकडे मागच्या वर्षीची बाटली आहे. माझ्या डोळ्याला चांगली लागू पडली होती."

अण्णांनी बाटली हातात घेतलीही होती. पण डोक्यात टेम्पो होता. डोळा बिघडला तर गाडी कोण चालवणार आणि तिला कोण आणणार? म्हणून ते बाटली परत देऊन सरळ डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आयुष्यात शहाणपणा केला तो एवढाच.

डॉक्टरीणबाईंनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात उजेड मारला आणि म्हणाल्या, "हे डोळे येणं नाही. डोळ्याच्या आत सूज आहे. बरं झालं दुसऱ्याचं औषध घातलं नाहीत. हे स्टेरॉइडचे थेंब आहेत, औषध जोरकस आहे. सांगू तितकेच घालायचे. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचे नाहीत आणि उरले म्हणून पुढच्या वर्षीला जपून ठेवायचे नाहीत. कमी करायचे ते मी सांगेन तसे, हळूहळू. एकदम तोडले तर सूज परत उलटते."

"आणि गाडी?"

"सूज उतरेपर्यंत गाडी बंद."

अण्णांचा चेहरा निळ्या फुलांच्या अभ्र्यासकट उतरला.

बाहेर नर्सबाईंनी शिवणयंत्रासारखं घडाघडा सांगितलं, "हात धुवायचे, बाटली हलवायची, मान मागे, खालची पापणी ओढायची, एक थेंब, बाटलीचं टोक कुठे टेकवायचं नाही, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दाबून धरायचा. आणि काका, बाटली प्रत्येक वेळी हलवायची बरं का! विसरायचं नाही."

"बाई," अण्णा छाती काढून म्हणाले, "हलवण्याचं मला सांगू नका. जन्म गेला त्यात."

घरी आल्यावर अण्णांनी हात धुतले आणि बाटली हलवली. म्हणजे खिडकीतली उचलून कपाटावर ठेवली. दोन्ही हातांनी, उभीच्या उभी, धक्का लागू न देता. आतला थेंबही जागचा हलला नसेल. मग मान मागे करून त्यांनी औषध घातलं. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानात, तिसरा मिशीत. चौथा डोळ्यात गेला, तेव्हा अण्णांनी स्वतःलाच 'शाब्बास' म्हणून घेतलं. (तिच्या हातचा थेंब कसा, बोलावल्यासारखा यायचा. मागे कचरा गेला होता डोळ्यात, तेव्हा तिनं कपाळावर हात ठेवला होता. औषध आठवत नव्हतं, हात आठवत होता.)

पुढच्या वेळी बाटली कपाटावरून हलली ती तिच्या कंगव्याशेजारी गेली. कंगव्यात तिचा एक पांढरा केस होता. अण्णांनी तो काढला नाही. मग बाटली तिच्या चष्म्याच्या घरापाशी गेली, मग तिच्या दळणाच्या डब्यावर, मग तिच्या उशीपाशी. इतक्यांदा हलवायला लावतात म्हणजे औषधाला एका जागी करमत नसणार, असं अण्णांनी मनाशी धरलं. त्यांचंही तसंच झालेलं. या खोलीतून त्या खोलीत जायचे आणि कशाला आलो होतो ते आठवत उभे राहायचे.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याची अण्णा सकाळपासून वाट बघायचे आणि आला की अर्धं तोंड फोनबाहेर ठेवून बसायचे.

"अहो, फोन सरळ धरा. अर्धेच दिसताय."

"रेंज नाही गं."

"रेंज नसली की माणूस उभा चिरतो का? मिशी काढलीत ना?"

अण्णांनी अर्धी मिशी दाखवली.

"आणि उरलेली?"

"तीही आहे. अगं, बाळ कसंय?"

"तुमच्यावर गेलंय. काही विचारलं की तोंड फिरवतं." मग ती म्हणाली, "लेक म्हणते, आणखी थोडे दिवस राहा. राहू का?"

अण्णांनी समोरचा निवलेला दुसरा कप बाजूला सारला. "राहा की," ते म्हणाले. "इथे काय अडलंय?"

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज जरा पडला. पण ते ऐकायला अण्णांचा अर्धाच कान फोनपाशी होता.

डोळा मात्र हटवादी. उतरेना. ठणका तसाच, लाली तशीच. अण्णा पुन्हा डॉक्टरीणबाईंपुढे हनुवटी टेकवून बसले. बाईंनी डोळ्याचा दाब मोजला, तो ठीक होता. आत पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "सूज जिथल्या तिथे! औषध नेमानं घालता ना?"

"एकदाही चुकवलं नाही."

"हलवून?"

"प्रत्येक वेळी! काल तर घरात जागा उरली नाही, म्हणून माळ्यावर नेली."

नर्सबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काय नेलं माळ्यावर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाटली. तुम्हीच म्हणालात ना, हलवा म्हणून?"

बाईंनी त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि एक थेंब काळ्या कागदावर पाडला. पाण्यासारखा नितळ. मग बाटली मुठीत धरून खुळखुळ्यासारखी खाडखाड हलवली. अण्णा दोन्ही हात पुढे करून उठले. "अहो, अहो, फुटेल!" बाईंनी शेजारी दुसरा थेंब पाडला. तो दुधासारखा पांढरा.

"हे औषध तळाशी बसतं, काका. ते ढवळून वर यावं म्हणून हलवायचं. तुम्ही आजवर नुसतं वरचं पाणी घातलंत. आणि डोळ्यापेक्षा मिशीलाच जास्त, असं दिसतंय."

"आमच्या धंद्यात असं हलवलं," अण्णा पडेल आवाजात म्हणाले, "तर गिऱ्हाईक पुन्हा दारात उभं करत नाही."

त्या दिवसापासून अण्णांनी बाटली अशी हलवली, की सुईताई पलीकडून भिंत ठोकत. आणि खरंच, डोळा निवळू लागला. उजेड मित्रासारखा घरात आला. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता चालवा गाडी. दिवसाउजेडीच चालवा. थेंब घातल्यावर जरा थांबून, नजर स्वच्छ झाली की मगच. आणि थेंब चालूच ठेवा, मी सांगते तसे कमी करत आणा. एकदम तोडायचं नाही."

अण्णा उडतच घरी आले. संध्याकाळी कॉल आला तेव्हा औषधाचीच वेळ होती. आनंदाच्या भरात त्यांनी फोन फळीला टेकवला आणि बाटली हलवायला घेतली. फळीसकट सगळं थरथरलं.

"अहो, भूकंप झाला का? काय आहे ते हातात? आणि डोळ्याला काय झालंय?"

आपण पुरं तोंड दाखवून बसलोय, हे आता अण्णांच्या लक्षात आलं. मग सगळं सांगावंच लागलं. सूज, ठणका, माळा, सगळं.

ती हसली नाही. "म्हणजे तुमचा डोळा जात होता, आणि मी इथे तुमची मिशी शोधत होते?" एवढंच बोलली. मग म्हणाली, "बरं. ठेवते." आणि ठेवलाच.

त्या 'बरं'नं अण्णांची झोप उडाली. उजाडल्याबरोबर त्यांनी थेंब घातला, कोपरा दाबून बसले, नजर स्वच्छ झाल्यावर बाटली खिशात टाकली आणि टेम्पो काढला. आधी फोन केला नाही. तिला अचानक दारात दिसायचं, असा बेत होता. शेजारी निळ्या फुलांची गादी रिकामी. वाटेत दोनदा त्यांनी तिच्याशी बोलूनही पाहिलं. पहिल्यांदा माफी मागितली, दुसऱ्यांदा नुसतं "बस आरामात" म्हणाले.

लेकीनं दार उघडलं आणि बघतच राहिली. "बाबा! तुम्ही इथे?"

"आईला न्यायला आलो. कुठाय?"

"आई? आई पहिल्या बसनं घरी गेली! तुमच्या डोळ्यात औषध घालायला! म्हणाली, 'त्यांनी मला सांगितलं का? मग मी कशाला सांगू?'"

अण्णा पाळण्याशेजारी बसले. पाळण्यात नात झोपली होती. त्यांनी हात पुढे केला, तशी लेक दबकी ओरडली, "आत्ताच डोळा लागलाय. हलवू नका हं!"

अण्णांनी हात चटकन मागे घेतला. एवढ्यात खिशातला फोन वाजला.

"अहो, मी घरी पोचलेय. तुम्ही कुठे आहात?"

"तुझ्या लेकीच्या घरी. तुला न्यायला आलो होतो. पुढे बसवून."

फोनमध्ये भांडी सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "दोन कप दिसताहेत इथे, ओट्यावर."

"हं."

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' वेगळं होतं. "आता मी जागची हलत नाही. तुम्हीच या. बाटली कुठाय?"

"खिशात."

"हलवलीत?"

"रस्त्यातल्या खड्ड्यांनी हलवली."

अण्णा निघाले, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, टेम्पो रिकामाच चाललाय, तर आमचा जुना आरसा तेवढा न्या ना." आणि निळ्या फुलांच्या गादीवर, पट्टा लावून, आरसा बसला. जन्मभर लोकांचं सामान हलवलं, आणि जिला एकदा हलवायला निघाले ती आपली आपण पोचली होती. अण्णा वाटभर आरशात स्वतःचंच तोंड बघत आले. पुरंच्या पुरं, मिशीसकट.

घरी आल्यावर तिनं आधी त्यांना हात धुवायला लावले, मग स्वतः धुतले. बाटली हलवली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि थेंब सोडला. तो थेट डोळ्यात. अण्णा डोळा मिटून बसून राहिले. कोपरा तिनंच दाबून धरला होता. धीर करून त्यांनी मनातलं सांगून टाकलं.

"तू गेल्यापासून वाटेकडे डोळे लावून बसलो होतो गं."

"तरीच सुजला," ती म्हणाली. "पण सुजला तर एकच."

"मग?"

"मग दुसरा कुठे लावला होतात, ते सांगा आधी."