गळेल हो, नक्की गळेल

आक्का दवाखान्यात एक्स-रे काढायच्या. लोकांच्या हाडातली केसाएवढी भेग त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि स्वतःसाठी घ्यायचं ठरवलेलं घर मात्र त्यांनी अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. घर धाकट्या भावाच्या, नानाच्या गावात, रात्रभराच्या प्रवासावर. रजा मिळेना. संध्याकाळी सह्या व्हायच्या होत्या, त्याही आक्कांच्या वतीने नानाच करणार होता. त्याआधी घराची शेवटची पाहणी आक्कांनी फोनवरून करायची आणि घरात हिंडायचं नानाने, असं ठरलं.

अडचण एकच होती. नाना कमालीचा भिडस्त. हॉटेलात चहात माशी निघाली, तर माशीला बाजूला काढून तो उरलेला चहा प्यायचा. म्हणून आक्कांनी सकाळीच त्याला बजावलं होतं, "तू कौतुक करू नकोस. फक्त दाखव."

दवाखान्याच्या जिन्यात रेंज यायची. तिथे येरझारा घालत त्या फोनमध्ये बघत होत्या. घर रिकामं, भिंती नव्या रंगाच्या. घरमालक मागे मागे फिरत होते.

"नाना, नळ सोड."

नानाने सगळे नळ सोडले. एकातूनही पाणी आलं नाही.

"टाकीत आत्ता चढतंय, ताई," घरमालक म्हणाले. "येईलच."

"मग राहू दे सोडलेले. धार बघायची आहे मला. आणि काय हो, बाथरूम गळत वगैरे नाही ना?"

"छे, छे. खडखडीत कोरडं घर आहे."

तोवर बाल्कनी बघून घेऊ म्हणून दोघं बाहेर गेले. वाऱ्याने दार धाडकन लागलं आणि आतली कडी आपोआप पडली. दोघं बाल्कनीत, घरमालकांचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर, घराचं पुढचं दार लॅच लागून बंद. समोर कारखान्याची मागची भिंत. आक्कांना फोनमध्ये फक्त नानाचा कान दिसायला लागला.

"आक्का, दार मजबूत आहे," नाना म्हणाला.

एवढ्यात आतून आवाज आला. आधी नळांनी खाकरल्यासारखं केलं आणि मग सगळे एकदम वाहू लागले.

"धार चांगली आहे," नाना म्हणाला.

घरमालकांचा चेहरा मात्र उतरला. झुरळं येऊ नयेत म्हणून बाथरूमच्या जाळीवर त्यांनी स्वतःच्या हाताने फरशीचा तुकडा ठेवला होता. पाणी जाणार कुठे? थोड्या वेळाने दाराच्या फटीतून पाण्याची पहिली जीभ बाल्कनीत आली. नानाने पाय उचलला.

"खालच्यांना हाक मारा," आक्का म्हणाल्या.

"खालच्या बाईंना ऐकू येत नाही, ताई. पण त्यांच्याकडे आमची किल्ली असते. येतील त्या."

"ऐकू येत नाही, मग येतील कशा?"

घरमालक वाकून फटीतून येणारं पाणी बघायला लागले. पाणी त्यांच्या चपलांपर्यंत आलं तसा त्यांचा धीर सुटला. "आता काय लपवायचं. बाथरूम गळतं. त्यांच्या छतातून थेंब पडला की त्या किल्ली घेऊन वर येतात, नळ बंद करतात आणि मला बोलतात. गळेल हो, नक्की गळेल. आजवर एकदाही चुकलेलं नाही."

आक्का जिन्यात मटकन बसल्या. घेऊ ते घर गळकं निघू नये म्हणून त्या वर्षभर देव पाण्यात घालून बसल्या होत्या. आता भाऊ सुटायचा तर ते गळायलाच हवं होतं. बाल्कनीतले दोघं कान देऊन बसले. खालच्या बाईंचं पाऊल काही वाजेना.

"अजून गळत नाही?" आक्कांनी विचारलं.

"जरा वेळ दे त्याला," नाना म्हणाला. घराची बाजू घेतल्यासारखाच.

घरमालकांना बायकोचा नंबर पाठ नव्हता, तेव्हा शेवटी आक्कांनी दलालाला फोन लावून घरमालकीणबाईंचा नंबर मिळवला. बाई नव्या घरात भांडी लावत होत्या. त्या रिक्षा करून आल्या, खालच्या बाईंना खाणाखुणा करून किल्ली घेतली, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाऊन नळ बंद केले आणि बाल्कनीची कडी काढली.

"खाली किती गळतंय?" घरमालकांनी पहिलं तेच विचारलं.

"थेंब नाही. छताकडे बघत त्या निवांत भाजी निवडतायत."

घरमालक पाण्यात उभे राहिले. रंगाच्या आधी एका मिस्त्रीकडून त्यांनी बाथरूमची फरशी बदलून घेतली होती. पण आजवर पाच मिस्त्र्यांनी फसवल्यावर सहाव्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी वाकून फरशीवरून हात फिरवला. मग नानाच्या हातातल्या फोनकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, हे गळतं म्हणून तर मी विकत होतो. आता मग... विकू कशाला?"

आक्का ताडकन उठल्या. "अहो, पण ती बाल्कनीची कडी बघा ना. माणूस अडकतो तिथं. समोर कारखान्याची भिंत, उजेडाच्या नावाने शंख. कसं राहणार तुम्ही असल्या घरात?"

"कडीला एक खिळा मारला की झालं."

"मी मारून देतो की," नाना म्हणाला.

"नाना, तू गप्प बस."

मालकीणबाईंनी साडीचा काठ पिळला आणि नवऱ्याकडे बघितलं. "राहा तुम्ही इथं. खुशाल राहा. मी तिकडे डबेसुद्धा भरून ठेवलेत. ते काही मी परत रिकामे करायची नाही. जेवायला येत जा अधूनमधून." एवढं बोलून त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि पाणी लोटायला घेतलं.

संध्याकाळी सह्या झाल्या. "काही त्रास झाला नाही," असं नानाने फोनवर सांगितलं. खरी हकिकत आक्कांना पुढे मालकीणबाईंकडून कळली. सही करताना घरमालकांचे डोळे भरून आले, आणि ते बघून नाना त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला होता, "एवढं वाईट वाटत असेल, तर राहू द्या. आक्काला मी समजावतो."