मास्तरांचं कपाट आणि बायकोचं शून्य काम

"हमाल कशाला? कपाट वरच्या खोलीत न्यायला ताकद नाही, भौतिकशास्त्र लागतं," मास्तर सकाळीच म्हणाले.

तीस वर्षं शाळेत तेच शिकवत होते, म्हणून बायकोने नुसतं हं केलं. तिची आई बाराच्या गाडीने राहायला येणार होती; वरची खोली आणि हे कपाट तिच्यासाठीच. "आमच्या जावयांना इकडची काडी तिकडे करायला नको," हे सासूबाईंचं वाक्य लग्नापासून ताजंच होतं. त्या यायच्या आत कपाट वर चढवून त्या वाक्याचा कायमचा निकाल लावायचा, असा मास्तरांनी पणच केला होता.

"हे बघ, भरभर नेलं काय नि सावकाश नेलं काय, काम तेवढंच. सावकाश नेलं की शक्ती कमी लागते."

"कमीच आहे म्हणून तर हमाल बोलवा म्हणतेय."

कपाट कसलं, दोन म्हशी एकमेकींना चिकटवून उभ्या केलेल्या. बायको वरून ओढतेय, मास्तर खालून ढकलतायत. दहा पायऱ्यांना दोन तास लागले. शक्ती इतकी कमी वापरली, की एका कोळ्याने मधेच कपाटाच्या पायाला जाळं विणून घेतलं.

वळणापाशी मास्तर म्हणाले, "थांब. कोन मोजू दे."

"लवकर मोजा हो. हात तुटायला आले."

"कसे तुटतील? कपाट हलतंय का? नाही. म्हणजे विस्थापन शून्य. बल गुणिले शून्य, शून्य. तू आत्ता काहीच काम करत नाहीयेस."

"काहीच काम करत नाही मी?"

"शास्त्राप्रमाणे."

"बरं," म्हणून तिने हात सोडले आणि वरच्या पायरीवर ऐसपैस बसली.

सगळं कपाट मास्तरांच्या छातीवर आलं. "अगं, धर की."

"कशाला? हलत नाहीये ते. तुम्हालाही काही काम नाही. आराम करा."

"मला घाम फुटलाय."

"उकडत असेल." तिने बोटं मोडली. "भांडी फडताळातून निघतात, घासून परत फडताळातच जातात. म्हणजे इतकी वर्षं मी बसूनच खाल्लं म्हणायचं."

मास्तरांचे गुडघे लटपटायला लागले, तसं शास्त्रही लटपटलं. "चुकलो बाई. तू उठल्यापासून निजेपर्यंत काम करतेस."

"मनापासून म्हणताय?"

"हे बघ, कान धरतो," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी खरंच कान धरले.

कपाट निघालं. पुढे मास्तर उलट्या पावली, मागे कपाट. दोन तासांची चढण तीन श्वासांत उतरली. मास्तर ऐन वेळी बाजूला सटकले, नाहीतर वहीत दाबलेल्या पिंपळपानासारखे निघाले असते. कपाट धाडकन जाऊन आपल्या जुन्या जागी भिंतीला टेकलं.

दारात सासूबाई उभ्या. त्यांनी कपाट पाहिलं, घामाने निथळणारा जावई पाहिला.

"कपाट खालीच लावलंत?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"काय मन ओळखलंत हो माझं. या गुडघ्यांना जिना कुठला झेपायला? गाडीभर तोच घोर लागला होता. आणि माझ्यासाठी एवढे घामाघूम झालात, जावईबापू?" मग त्या लेकीकडे वळल्या. "शिक जरा त्यांच्याकडून. नुसती जिन्यात बसून राहिलीस ती."

खुलासा करायला मास्तरांनी तोंड उघडलं, पण आवाज काही फुटेना. आणि खरं सांगू का, त्यांनी फारसा जोरही लावला नाही.