उसना पिचर आणि चाळीस गाई

व्हर्लिन स्टॉफरने आपल्या बेसबॉल संघासाठी शेजारच्या सेंट ओटो गावाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, ड्वेन होकन्सन उचलला, तेव्हा निम्म्या एल्म प्रेअरी गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. मिनेसोटातल्या गावोगावच्या बेसबॉलचा नियमच तसा आहे: हरून घरी बसलेल्या शेजाऱ्यांचे पिचर राज्यस्पर्धेपुरते उसने घेता येतात. पण उसनी साखर घ्यावी, फार तर शिडी घ्यावी. ज्याने सगळा उन्हाळा आपल्या पोरांना रडवलं, तो माणूस कुणी घेतं का?

व्हर्लिनने घेतला. तीस वर्षं तो संघ सांभाळत होता आणि करंडक एकदाही गावात आला नव्हता. यंदा गुडघ्यांनीही निरोपाची भाषा सुरू केली होती.

"येतो की," ड्वेन गोठ्यात हात पुसत म्हणाला. "पण सामने संध्याकाळी. माझ्या चाळीस गाईंच्या धारा कोण काढणार? आई एकटी कुठं पुरी पडणार?"

"तुझ्या गावातलं कुणी?"

"विचारलं ना! म्हणाले, खेळतोयस त्यांच्यासाठी, मग शेणही त्यांच्याकडूनच काढून घे."

यात व्हर्लिनलाही न्याय दिसला. "एवढंच ना? माझी पोरं येतील!"

पहिल्या सामन्याला त्याने राखीव खेळाडू कर्टला गोठ्यात धाडलं. ड्वेनने समोरच्यांना एकही धाव काढू दिली नाही. इकडे एका गाईने कर्टला अशी लाथ घातली, की गुडघ्याचा भोपळा झाला. एका विजयाला एक गुडघा, हा सौदा व्हर्लिनला परवडला.

दुसऱ्या सामन्याला गॉर्डी गेला. गॉर्डी म्हणजे आडदांड गडी. "गाईला काय घाबरायचं, कोच?" म्हणत गेला. गाईने काहीच केलं नाही. नुसती त्याला भिंतीशी दाबून रवंथ करत उभी राहिली.

"बरगडी गेली, कोच."

"कुठल्या बाजूची?"

"दोन्ही बाजूंच्या गेल्यात हो!"

सामना मात्र जिंकला. अंतिम सामन्याच्या दिवशी व्हर्लिनने माणसं मोजली, तर बरोबर नऊच उरली होती. त्यातला एक जरी गोठ्यात गेला, तरी खेळणंच बंद. गावात फोन करावे तर गाव ओस पडलेलं. बोलणं टाकलेले लोकसुद्धा बियरची खोकी घेऊन मैदानावर पोचले होते. पाद्रीबाबा तिथे सॉसेज विकत होते.

"व्हर्लिन, गाईंना थांबा म्हणता येत नाही," ड्वेन घड्याळ बघत म्हणाला. "कुणी नसेल तर मी निघतो."

व्हर्लिनने एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा ड्वेनच्या उजव्या हाताकडे. मग खेळाडूंची यादी कर्टच्या हातात कोंबली आणि गाडीला किल्ली लावली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने धुळीवर ढकललं.

"उशीर केलास," ड्वेनची आई लोरेनबाई गोठ्याच्या दारातच उभी होती. आत गेल्यावर म्हणाली, "आणि ते धारांचं यंत्र उलटं धरलंयस."

रेडिओ खिडकीत ठेवून व्हर्लिन बसला. सड धुता धुता त्याने आठ डाव ऐकले. नवव्या, शेवटच्या डावात गाव एका धावेने पुढे होतं, समोरचे दोन बाद झाले होते, आणखी एकच बाद करायचा होता आणि चेंडू ड्वेनच्या हातात होता. रेडिओ खरखरला. मग निवेदक किंचाळला: एल्म प्रेअरी विजेते!

व्हर्लिन ताडकन उठला. छाती भरून त्याने तोंड उघडलं, तोच लोरेनबाईचा ओला हात त्यावर बसला.

"शूऽऽ! ओरडलास तर सगळ्याजणी पान्हा चोरतील."

"अहो, पण आम्ही जिंकलो!"

"मग हळू जिंक."

तो खाली बसला. गाईच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि अगदी कुजबुजत म्हणाला, "जिंकलो गं, बाई."

गाईने त्याच्या कानफटात शेपटी हाणली आणि पान्हा सोडला.