भामरेच्या दोन रिकाम्या खुर्च्या

आमच्या गंगापूर रोडच्या ऑफिसात भामरे जेवायला बसला की दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या ठेवतो. कोणी चुकून बसलंच, तर डबा बंद करून उठतो आणि म्हणतो, "हद्द ओलांडली की काम बंद!"

दोष त्याचा नाही, धंद्याचा आहे. आमची कंपनी गुपितं सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवते. कॉम्प्युटरच्या मेमरीत पासवर्ड जिथे ठेवायचा, त्या जागेच्या दोन्ही बाजू मोकळ्या सोडायच्या. तिथे कोणी पाय ठेवला की प्रोग्राम जागच्या जागी बंद. काम झालं की जागा पुसूनच परत करायची. हे होतंय का, ते भामरे तपासतो. मेमरीत एक शब्द ठेवतो, जागा सोडायला लावतो आणि मग त्या शब्दाचा माग काढत बसतो. एक अक्षर जरी उरलेलं सापडलं, तरी आमचा रविवार गेला.

हे वेड त्याच्या अंगात मुरलंय. मीटिंग संपायच्या आत हा फळा पुसतो. चहाचा कागदी कप धुऊन मग कचऱ्यात टाकतो. "मागे काय ठेवायचं नाय," हा त्याचा मंत्र. लग्नाच्या पंगतीत हा पत्रावळही घासून ठेवत असणार.

परवा त्याच्या स्क्रीनवर तो शब्द दिसला: 'पोपट'. मी हसून लोळलो.

"कोण रे हा पोपट?"

"मी. आई म्हणायची."

मग त्यानेच सांगितलं, त्याची आई सटाण्याला मुलीकडे असते. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. हा रोज जेवताना फोन करतो, "माय, मी कोन शे?" ती त्याला कांद्याचा व्यापारी समजते आणि भावावरून झापते. हाही मुकाट्याने भाव वाढवून देतो. हे बोलणं कोणी ऐकू नये म्हणून खुर्च्या रिकाम्या, ते मला तेव्हा कळलं. एका अक्षरासाठी आमचा जीव खाणारा हा माणूस तिकडे एका शब्दाची वाट बघत होता. मला फार वाईट वाटलं.

काल त्याने फोन ठेवला. मग बाजूची खुर्ची ओढून मला म्हणाला, "बस ना. आज पोपट म्हणाली."

मी बसलो. त्याने डबा बंद केला नाही.