सुधाकरभाऊंचा निळा बैल

आमच्या जठारपेठेतले सुधाकरभाऊ कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर हुंगत. "आजकालची छपाई," म्हणून नाक मुरडत आणि मगच खुर्चीवर बसत.

पुढे फार मोठं नाव झालेल्या एका आधुनिक चित्रकारानं तरुणपणी पोटासाठी शेतकी प्रदर्शनांची पोस्टरं केली होती. दगडावर चित्र काढून छापलेली, लिथोची. वऱ्हाडात गावोगाव ती लागली आणि पावसापाण्यात गेली. उरलीसुरली शोधायची, हा भाऊंचा खरा धंदा. मोटर वाइंडिंगचं दुकान नावापुरतं. त्या वर्षांत विहिरीच आटलेल्या. पंप चालणार कधी आणि जळणार कधी?

वहिनी गेल्यावर तर पोस्टरं स्वयंपाकघरातही शिरली. एका बैलाचे दोन्ही डोळे एकाच गालावर होते. मी विचारलं, "भाऊ, हा असा कावून?"

"तुमी बैल पाहून राहिले. मी रंग पाहून राहिलो. बसा जरा, घाई काहाची?"

निळा बैल तेवढा त्यांना मिळत नव्हता. तो अचलपुरात एका घरी आहे असं कळलं, तेव्हा मला ओढतच त्यांनी एस.टी.त बसवलं.

घर अमीनाबींचं. कापूस हातचा गेला म्हणून त्यांचा मुलगा सलीम पोस्टर विकायला निघाला होता. भाऊंनी भिंतीला नाक लावलं, डोळे मिटले. "लिथोच हाय," म्हणाले. जणू अत्तर.

"सलीमचे अब्बा पोस्टरं चिकटवायचे," अमीनाबी म्हणाल्या. "लग्नाच्या साली मले हे आवडलं, तर एक घरी आणून लावलं."

भाऊंनी पैसे सलीमच्या हातात ठेवले. त्यानं पोस्टर सोडवायला सुरी आणली. अमीनाबी उठल्या आणि चुलीकडे तोंड करून बसल्या.

"राहू दे रे," भाऊ एकदम म्हणाले. "माझ्या घरी जागा नाही."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. आदल्याच दिवशी आम्ही दोघांनी या बैलासाठी बैठकीतली अख्खी भिंत रिकामी करून तिला चुना मारला होता.

"पोस्टर माझं झालं, पण तुमी सांभाळा," ते अमीनाबींना म्हणाले. "मी येऊन पाहात जाईन."

अमीनाबींनी पदरानं डोळे पुसले. "मंग पुन्ना कधी येसान?"

भाऊ गडबडले. "शुक्रवारी येतो."

"जेवाले या मंग. सलीम, चहा ठेव."

परतीच्या बसमध्ये अंजनगाव मागं पडल्यावर भाऊ हळूच म्हणाले, "किती दिवसांनी कोणी इचारलं हो, कधी येता म्हणून."

शुक्रवारी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि मला न बोलावता एकटेच बसस्टँडकडे निघाले.